पंक्चरचं किट गाडीवर: दोरी मारता येते, हवेचं काय?

साळवण मागं टाकून गगनबावड्याच्या दिशेनं निघालो होतो. संध्याकाळचे साडेपाच, श्रावणातली भुरभुर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्यात उभा भात. गाडीचं मागचं चाक सावकाश डावी-उजवीकडं झोके घ्यायला लागलं, जणू मागून कुणी कॅरियर धरून हलवतंय. थांबून बघितलं तर टायर निम्मा बसलेला आणि त्यात दीड इंची खिळा. खरं सांगायचं तर मला जरा आनंदच झाला. सीटखाली किट होतं ना! तीन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेलं, वेष्टणसुद्धा न फोडलेलं.

पक्कड लावून खिळा ओढला, फुस्स करून उरलीसुरली हवा गेली. सोल्युशनची ट्यूब दाबली तर काही येईना. शेपटाकडून ब्लेडनं कापली, आत वाळलेल्या डिंकासारखा पिवळट खडा. म्हटलं जाऊ दे, भोक बुजवायच्या चिकट रबरी दोरीला थुंकी लावून घुसवली आणि ती बसलीही. मग किटातला वीतभर पंप काढला. व्हॉल्व्हवर त्याचं प्लास्टिकचं तोंड बसवून खटका दाबला, तर खटकाच हातात आला. पंक्चर निघालेलं, टायर सपाट, आणि मी पावसात.

बऱ्याच वेळानं दुधाच्या कॅनांची पिकअप आली. ड्रायव्हरनं काच खाली केली. "काय झालं भावा?"

"पंक्चर काढलंय. हवा न्हाई."

"मग खिळा काढलासच कशाला? हाय तसा ठिवला असतास तर हळूहळू साळवणापतूर तरी गेला असतास की."

बोलता बोलता त्यानं सीटमागनं पायपंप काढला. लोखंडी, गंजका, पण जिवंत.

बाजारात किट म्हणून जे मिळतं त्यात चार-पाच दोऱ्या, दोन टोचे आणि सोल्युशन असतं. हे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे हवा, आणि लोक नेमकी तीच विसरतात. म्हणून पुढं सांगताना मी क्रम उलटा घेतलाय. दोरी कशी मारायची ते नंतर, आधी हवेचं बघू.

आपल्याकडं टोचतं काय

कोल्हापुरात कुठल्या भागात काय टोचणार हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथून रोज ये-जा करणाऱ्याच्या टायरमध्ये लेथवरचा बर निघतो. स्प्रिंगसारखा वळलेला, ब्लेडसारख्या धारेचा पोलादी तुकडा. तो नुसता टोचत नाही, आत शिरता शिरता कापतो. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यांवर बैलांच्या पायातून निसटलेल्या पत्र्या आणि त्यांचे खिळे पडतात. आखूड, जाड डोक्याचे हे खिळे मागच्या टायरला हमखास गाठतात. पुढचं चाक त्यांना उभं करतं आणि मागचं त्यांच्यावर चढतं. मागचं चाक जास्त पंक्चर होण्याचं हेच मुख्य कारण आहे, तुमचं नशीब नव्हे.

पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधल्या बारीक तारा असतात. मला सगळ्यात जास्त राग यांचा येतो. केसाएवढी तार आत जाते, रोज दोन-तीन पौंड हवा कमी होते आणि कारण काही सापडत नाही. आठवड्यातून दोनदा हवा मारावी लागत असेल तर टायर फिरवत नक्षीच्या खाचांवरून ओलं बोट फिरवा, तार बोटाला लागेल. शेताच्या वाटेवर बाभळीचा काटा, तो प्रामुख्यानं ट्यूबवाल्यांचा वैरी.

पावसाळ्यात पंक्चर वाढतात तीही कल्पना नाही. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, कारण पाणी वंगणाचं काम करतं. वर कडेची सगळी घाण वाहून रस्त्यावर येते. त्यामुळं पावसात रस्त्याच्या अगदी कडेनं चालवू नका, कचरा तिथंच साठतो.

शहरात याचं काही वाटत नाही. रंकाळ्यापासून शिरोली नाक्यापर्यंत कुठंही थांबा, थोडं ढकलत नेलं की टायर टांगलेलं दुकान येतंच. खरी पंचाईत गावं विरळ झाल्यावर सुरू होते. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा, आंबोली यांतला कुठलाही घाट उतरायला लागलात की खालचं गाव येईपर्यंत तुम्ही आणि तुमचं किट. रविवारी आणि दिवेलागणीनंतर तर पन्हाळा-जोतिबाच्या रस्त्यावरसुद्धा तीच गत होऊ शकते.

ट्यूब की ट्यूबलेस, हे आधी बघा

टायरच्या बाजूवर कोरलेलं असतं, वाचा. तारांच्या चाकात बहुतेक ट्यूब असते, अलॉयमध्ये बहुतेक नसते. पण "बहुतेक"वर विसंबू नका. कितीतरी अलॉयच्या गाड्या ट्यूब घालून विकल्या गेल्यात. शिवाय जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकानं वाकलेल्या रिमला वैतागून ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घातलेली असू शकते. ओळखायची सोपी खूण व्हॉल्व्हपाशी आहे. ट्यूबच्या व्हॉल्व्हला सहसा बाहेरून आटे असतात आणि तो रिमच्या भोकात थोडा हलतो. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह रिमला घट्ट बसलेला असतो, बऱ्याचदा तळाशी जाड रबर दिसतं. खात्री नसेल तर पुढच्या वेळी हवा भरताना दुकानातल्या मामांना विचारून घ्या. ट्यूब असलेल्या चाकात दोरी मारली तर काहीही होत नाही, उलट टोच्यानं ट्यूबला आणखी एक भोक पडतं.

हवा

पाच मार्ग आहेत. पाचही मी वापरलेत, त्यामुळं मतं थोडी ठाम आहेत.

पायपंप जुना, जड, आणि अजूनही सगळ्यात भरवशाचा. लोखंडी सिलिंडरचा घ्या. त्याचं तोंड खटक्याचं असण्यापेक्षा आट्यांनी फिरवून बसणारं असेल तर उत्तम. मागच्या टायरला शून्यापासून पूर्ण हवा द्यायला माझ्या पायपंपावर शंभराच्या वर वेळा पाय मारावा लागतो. घाम निघतो, पण हवा भरते. दोष एवढाच की तो सीटखाली मावत नाही, बॅगेत न्यावा लागतो.

हातातला छोटा सायकल-छाप पंप जागा खात नाही, पण तो शेवटचा आधार म्हणूनच ठेवा. दोन-अडीचशे वेळा दांडा ओढावा लागतो आणि विसाव्या पौंडानंतर हात नाही म्हणतात. दुकानात घेतानाच त्याचं तोंड स्वतःच्या गाडीच्या व्हॉल्व्हवर बसवून बघा. डिस्क ब्रेकची तबकडी किंवा जाड स्प्रॉकेट आड येऊन काही पंपांचं तोंड व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. असं असेल तर लवचीक नळीचा पंप हवा.

बॅटरीवर चालणारा, पाण्याच्या बाटलीएवढा कॉम्प्रेसर आता सगळीकडं मिळतो. आकडा लावायचा, बटण दाबायचं, तेवढी हवा झाली की तो आपोआप थांबतो. सोय म्हणाल तर याला तोड नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो वापरला नाही तरी हळूहळू उतरतो, आणि एप्रिल-मे महिन्यात उन्हात तापलेल्या डिकीत ठेवला तर त्याच्या बॅटरीचं आयुष्य भराभर कमी होतं. दोन महिन्यांनी एकदा चार्जिंगला लावायची शिस्त नसेल तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही.

गाडीच्या बॅटरीवर चालणारा 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर चार्जिंगच्या कटकटीतून सोडवतो, पण तो साधारण 10 अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. हँडलवरच्या मोबाईल चार्जरच्या सॉकेटमधून तो चालवायचा विचारही करू नका, फ्यूज जाईल किंवा वायर वितळेल. इलेक्ट्रिशियनकडून थेट बॅटरीपासून फ्यूजसकट जाड वायरची एक शेपटी काढून घ्या. दीडशे सीसीच्या गाडीची बॅटरी तशी लहान असते, म्हणून हवा भरताना इंजिन चालू ठेवा. नाहीतर टायर फुगेल आणि सेल्फ बसेल.

राहिल्या कार्बन डायऑक्साइडच्या पुंगळ्या. सोळा ग्रॅमची एक पुंगळी सायकलला पुरते, मोटारसायकलच्या मागच्या टायरला दोन-तीन लागतात, आणि एकदा फोडली की संपली. फोडताना ती एवढी गार पडते की उघड्या बोटांना चटका बसतो. हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळं घरी आल्यावर टायर रिकामा करून साधी हवा भरावी लागते. मी नेत नाही. फक्त एका कामासाठी तिला तोड नाही, ते पुढं येईल.

माझ्या गाडीवर आता दोन साधनं असतात: चार्जिंगचा कॉम्प्रेसर आणि आट्यांच्या तोंडाचा, नळीवाला हातपंप. एक बिघडलं तर दुसरं.

हवा किती, हे गाडीच्या स्टिकरवर असतं, चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर. एकट्यासाठी वेगळा आकडा, मागं माणूस बसल्यावर वेगळा. पंपावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. पेनासारखा हवामापक वेगळा मिळतो, तो घ्या. मोजायची ती टायर थंड असताना, कारण पळून तापलेल्या टायरचा आकडा चढलेला असतो.

पिशवीत आणखी काय

ट्यूबलेससाठी लागतात कानशीसारखा खरबरीत टोच्या, सुईसारखं नेढं असलेला दुसरा टोच्या, आठ-दहा दोऱ्या आणि सोल्युशन. आपल्याकडं कितीतरी जण त्याला "सुलेशन"च म्हणतात, दुकानात तेच मागा, कळतं. टोच्यांची मूठ प्लास्टिकची असेल तर घेऊ नका. नव्या टायरमध्ये टोच्या घुसवायला अंगाचा सगळा भार द्यावा लागतो आणि त्या वेळी मूठ तुटली तर पातं तळहातात जातं. पूर्ण लोखंडी, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे टोचे थोडे महाग पडतात, पण एकदाच घ्यायचे.

त्याखेरीज लांब चोचीची पक्कड, कापायला ब्लेड, व्हॉल्व्हच्या दोन जादा पिना आणि त्या काढायची किल्ली. किल्लीची कटकट नको असेल तर वर खाच असलेली धातूची टोपी व्हॉल्व्हला लावून ठेवा, तीच किल्लीचं काम करते. भोकावर खूण करायला खडू. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, मोबाईलचा टॉर्च नको, कारण तो तोंडात धरून पंक्चर काढता येत नाही. हातमोजे, शाम्पूची एक पुडी, आणि जुन्या सुती लुगड्याचा मोठा तुकडा. चाक, नट, बुश असं सगळं त्यावर मांडता येतं आणि शेवटी हात पुसायलाही तोच.

ट्यूबवाल्यांनी यात टायरची कड रिमवरून उचकटायच्या तीन टायर लिव्हर, ठिगळं, काचकागद, एक नवी ट्यूब आणि आपल्या गाडीच्या एक्सलच्या मापाचे पाने वाढवायचे. गाडीबरोबर आलेला पाना असतोच म्हणून गाफील राहू नका. दुकानात एक्सलचा नट लांब दांड्यानं आवळलेला असतो, तो कंपनीच्या वीतभर पान्यानं हलत नाही. आपण उद्यमनगरच्या गावचे आहोत. पान्यावर चढवायचा पोलादी पाइपचा फूटभर तुकडा कुठल्याही वर्कशॉपमध्ये कापून मिळतो, कडा घासून घ्या आणि किटात टाका. लिव्हरही तिथं बनवून मिळतील. फक्त टोकं गोल आणि गुळगुळीत करायला सांगा, धार राहिली तर ट्यूब फाडतील.

दोन्ही चाकांच्या ट्यूब न्यायला जागा नसेल तर एक जुगाड चालतो. पुढचं चाक मोठं असलेल्या गाडीवर पुढच्या मापाची ट्यूब न्यायची. मोठ्या मापाची अरुंद ट्यूब अडीअडचणीला मागच्या लहान चाकात घडी न पडू देता बसवता येते. घरी परतण्यापुरती.

चाक डळमळलं तर

मागचं चाक बसलं तर गाडी शेपूट हलवते. पुढचं बसलं तर हँडल जड होतं आणि एका बाजूला ओढतं. दोन्ही वेळा एकदम ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, हँडल न आवळता सरळ धरा, आणि ब्रेक लागलाच तर धड असलेल्या चाकाचा, हलक्या हातानं.

घाटात वळणावर थांबू नका. सपाट टायरवर चालत्या वेगानं शंभर-दोनशे मीटर पुढं गेलात तरी चालेल, टायर बदलता येतो. महामार्गावर गाडी कठड्याच्या पलीकडं किंवा निदान पांढऱ्या पट्टीच्या पूर्ण बाहेर घ्या, इंडिकेटर चालू ठेवा आणि रहदारीकडं पाठ करून बसू नका. जागा धोक्याची असेल तर हट्ट सोडा आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 किंवा कुठूनही 112 लावा.

आता त्या पिकअपवाल्याचा सल्ला. खिळा दिसला म्हणून लगेच ओढायचा नाही. आत बसलेला खिळा बुचासारखं काम करतो. हवा हळूहळू जात असेल आणि पुढं पाच-सहा किलोमीटरवर दुकान असेल तर पंपानं हवा भरा आणि तीस-चाळीसच्या वेगानं तिथं पोचा. किट उघडायचं ते हवा टिकतच नसेल तेव्हा.

ट्यूबलेसचं पंक्चर

मेनस्टँड असेल तर लावा. नसेल तर गाडी साइडस्टँडवर, गिअरमध्ये नव्हे तर न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकाला दगड लावून. गाडी थोडीथोडी पुढं ढकलत टायर तपासा. काही दिसलं नाही तर पाण्यात शाम्पू कालवून ओता, जिथं बुडबुडे येतील तिथं भोक. व्हॉल्व्हवरही एक थेंब टाका. कितीतरी "पंक्चर" म्हणजे नुसती ढिली पिन असते.

भोक नक्षीच्या पट्ट्यात असेल तर पुढं जा. टायरच्या बाजूला किंवा अगदी खांद्यावर असेल तर दोरी मारू नका. तो भाग प्रत्येक फेरीला वाकतो आणि दोरी बाहेर फेकतो. भोक साधारण सहा मिलिमीटरपेक्षा मोठं असेल, म्हणजे त्यात पेन्सिल सहज जात असेल, तरी हा उपाय घरापर्यंत सावकाश जाण्यापुरताच.

खिळा काढायच्या आधी सगळं तयार ठेवा: दोरी नेढ्यात ओवलेली, दोन्ही बाजूंना सारखी, मधल्या भागाला सोल्युशन. खडूनं भोकाभोवती गोल काढा, कारण खिळा निघाल्यावर काळ्या रबरातलं भोक डोळ्यांसमोर हरवतं. खिळा ओढताना तो कोणत्या कोनात गेलाय ते बघून ठेवा.

आता खरबरीत टोच्या त्याच कोनात घुसवा. इथं बहुतेकांचा हात कचरतो. टायरला आणखी इजा होईल असं वाटतं, म्हणून ते दोनदा वरवर फिरवून थांबतात. पण कापलेल्या तारांची टोकं आत उभी असतील तर ती दोरी कुरतडतात, आणि गुळगुळीत भोकात सोल्युशन धरत नाही. टोच्या पूर्ण आत-बाहेर करा, आठ-दहा वेळा, फिरवत. तो सहज जायला लागला की भोक तयार.

मग दोरीचा टोच्या. दोन्ही हातांनी मूठ धरा, छाती वर आणा आणि भार टाका. सुरुवातीला काहीच हलत नाही, मग एकदम आत जातो, तेव्हा सावध राहा. दोरीची दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर राहिली की थांबा. सगळी दोरी आत गेली तर ती टायरमध्ये पडली, नव्यानं सुरुवात. आता टोच्या सरळ, एका झटक्यात बाहेर ओढा. नेढ्याच्या फटीतून दोरी निसटते आणि वळसा आत राहतो. हळू ओढलात तर दोरी टोच्याबरोबर परत येते. भोक मोठं असेल तर त्याच भोकात दुसरी दोरी मारा.

बाहेरची टोकं ब्लेडनं कापा, पण रबराला अगदी चिकटून नको, तीन-चार मिलिमीटर ठेवा, रस्ता त्यांना घासून सपाट करतो. हवा भरा, थुंकी किंवा शाम्पूचं पाणी लावा. बारीक बुडबुडा येत असेल तर दहा मिनिटं थांबून परत बघा, कधी कधी दोरी चालल्यावर बसते. मोठे बुडबुडे आले तर ओढून काढा आणि परत टोच्यापासून सुरू करा.

एक प्रसंग असा येतो की टायर पूर्ण सपाट होऊन त्याची कड रिमवरून आत घसरलेली असते. पंप मारत राहिलात तरी हवा कडेनं निघून जाते. अशा वेळी व्हॉल्व्हची पिन काढा, म्हणजे हवा जोरात आत जाते, कडेला शाम्पूचं पाणी लावा, आणि टायरच्या घेराभोवती दोर बांधून काठीनं पीळ भरा. मधून आवळलं की कडा बाहेर फाकतात आणि रिमला टेकतात. "टप्प" असा आवाज आला की दोर सैल करा, पिन परत बसवा. हेच ते काम जिथं कार्बन डायऑक्साइडची पुंगळी एका झटक्यात जिंकते.

दोरी मारल्यावर वेग ऐंशीच्या आत ठेवा, वीस किलोमीटरवर थांबून हवा मोजा, आणि शहरात आल्यावर टायर उतरवून आतून मशरूमसारखं ठिगळ बसवून घ्या. बाहेरून मारलेली दोरी वर्षानुवर्षं चालते असं सांगणारे भरपूर भेटतात. माझीही एक चालली. पण घाट उतरताना, मागं बायको-पोर असताना, त्यावर पैज लावायची इच्छा मला होत नाही.

ट्यूबचं पंक्चर

याला वेळ लागतो. सवय असेल तर पाऊण तास, नसेल तर दोन.

भोकाची जागा नक्की माहीत असेल, म्हणजे काटा दिसतच असेल, तर चाक काढू नका. चेन नसलेल्या बाजूनं टायरची कड तेवढ्या भागात उतरवा, ट्यूबचा तेवढाच घास बाहेर ओढा, ठिगळ लावा, परत आत. जुने पंक्चरवाले बुलेटचं मागचं पंक्चर असंच काढायचे.

जागा कळत नसेल तर चाक उतरवायचं. आधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो. ड्रमब्रेक असेल तर ब्रेकच्या दांडीचा नट आणि ब्रेकप्लेटला धरणारी पट्टी सोडा. चेन ताणायच्या खुणा दोन्हीकडं कितव्या रेघेवर आहेत ते लक्षात ठेवा. एक्सल निघाला की बुश कापडावर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं ओळीत मांडा. डावा-उजवा बुश बदलला की चाक घासतं, आणि ते का घासतंय हे अंधारात काही कळत नाही. डिस्क असेल तर पॅडच्या मध्ये लाकडाचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा, चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड मिटतात.

सगळी हवा काढून टायरची कड रिमपासून सोडवायची. बुटाच्या टाचेनं होत नसेल तर दुसऱ्या गाडीचं साइडस्टँड टायरवर टेकवून ती गाडी त्या बाजूला कलवा. कड खाली बसते. मग समोरच्या बाजूची कड गुडघ्यानं दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ठेवा आणि इकडून लिव्हर लावा. अख्ख्या कामाचं गमक हेच. समोरची कड खोलगट भागात असेल तर लिव्हर दोन बोटांनी चालते, नसेल तर पैलवानालाही हलत नाही. घास लहान घ्या, बोट-दोन बोटांएवढा.

ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा. एकच भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा-खिळा. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब चिमटली गेली. भोक आतल्या, रिमच्या अंगाला असेल तर तारेचं टोक वर आलंय किंवा रिमची पट्टी सरकलीय, आणि ते दुरुस्त न करता नवी ट्यूब घातलीत तर तीही तासाभरात जाईल. टायरच्या आतून सुती कापड फिरवा, काट्याचं टोक उरलं असेल तर धागा अडकतो. बोट फिरवू नका.

रस्त्यावर ठिगळ लावत बसण्यापेक्षा मी सरळ नवी ट्यूब घालतो आणि फाटकी घरी आणतो. पण नवी नसेलच तर काचकागदानं ट्यूबची चमक जाईपर्यंत घासा, ठिगळाच्या मापापेक्षा थोडी जास्त जागा. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. बोटाची मागची बाजू टेकवली तर चिकटू नये इतकं वाळलं पाहिजे, पाचेक मिनिटं. ओल्या सोल्युशनवर ठिगळ लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. मग ठिगळ दाबून बसवा, मधून कडेकडं.

बसवताना ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा असू द्या, म्हणजे घडी पडत नाही. कड चढवायला व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटच्या वीतभरासाठी जोर लागायला लागला तर लिव्हरवर चढू नका, समोरची कड परत खोलगट भागात गेलीय का ते बघा. शेवटच्या घासाआधी व्हॉल्व्ह आत ढकलून बाहेर ओढा, ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते. हवा भरल्यावर टायरच्या बाजूची बारीक रेघ रिमपासून सगळीकडं सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका. टोपीला टेकवून ठेवा, म्हणजे पुढं टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो.

चाक चढवून चेनच्या खुणा जुळवा, एक्सल आवळा, ब्रेकची पट्टी आणि दांडी परत लावली का बघा. निघायच्या आधी ब्रेक दोन-चार वेळा मारा. हे न करता निघालेला माणूस पहिल्या वळणावर आठवण काढतो.

टायरमध्ये आधीच ओतायचं ते द्रव

चालतं, बारीक भोकांवर. पण लेथच्या बरानं चीर पाडली किंवा बाजूला भोक पडलं की त्याचा काही उपयोग नाही. कधी कधी ते व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि हवा भरता येत नाही, पिन बदलावी लागते. पंक्चरवाले मामा टायर उघडल्यावर तो हिरवा चिखल बघून जे बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. रोज एमआयडीसीत जाणाऱ्यानं टाकावं. लांब जाणाऱ्यानं टाकलं तरी किट न्यावंच.

घरी एकदा करून बघा

नेहमीच्या पंक्चरच्या दुकानात एक भंगार ट्यूबलेस टायर मागा, चहाच्या पैशात मिळतो. त्याला खिळा ठोका, काढा, दोरी मारा. असं तीन-चार वेळा. टोच्याला किती जोर लागतो हे हाताला आधी कळलेलं असलं की पावसात गोंधळ होत नाही. हवेचा सराव स्वतःच्या गाडीवर करा: मागच्या टायरची हवा पूर्ण काढा आणि किटातल्याच पंपानं भरा. माझा खटका तुटणार हे मला घरीच कळलं असतं.

किट कुठं ठेवता तेही महत्त्वाचं. सोल्युशन सायलेन्सरच्या बाजूच्या डिकीत ठेवलं तर लवकर वाळतं. चेपून बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, सीटखाली किंवा डाव्या बाजूला ठेवा. एकदा उघडलेली ट्यूब पुढच्या पंक्चरपर्यंत टिकेल असं धरून चालू नका, छोट्या ट्यूबा घ्या आणि दोन ठेवा. दोऱ्या एकमेकींना आणि धुळीला चिकटतात, त्यांचं वेष्टण फोडायचं ते वापरतानाच.

माझ्या सोल्युशनच्या ट्यूबवर आता कागदी चिकटपट्टी असते आणि तिच्यावर वर्ष लिहिलेलं. खंडेनवमीला गाडी धुऊन पाने-पकडी पाटावर मांडतो तेव्हा किटही मांडतो. जुनी ट्यूब टाकून नवी ठेवतो, कॉम्प्रेसर चालवून पुढच्या चाकात दोन पौंड भरून बघतो, आणि हातपंपाच्या तोंडाच्या आट्यांवर तेलाचा एक थेंब सोडतो. हळदीकुंकू पंपाच्या नळीत जाणार नाही एवढं मात्र घरच्यांना दरवर्षी सांगावं लागतं.